तीन औषधे एकत्र का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद व शेजारच्या भगिनींसमोर दिलेले व्याख्यान. व्याख्यात्या सरकारी रुग्णालयातील निवृत्त फार्मासिस्ट असून मंडळाच्या जुन्या सभासद आहेत.)



वर्धापनदिनाला आपल्याकडे गाणे होते, भजन होते, आणि आरोग्यावर व्याख्यान ठेवलेच तर ते रक्तदाबावर नाहीतर गुडघेदुखीवर असते. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "एच.आय.व्ही.च्या औषधांवर बोला." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हाती दिले. सभासदांनी नाव न घालता लिहिलेल्या अकरा चिठ्ठ्या त्यात होत्या.

त्या अकरांपैकी सहा चिठ्ठ्यांत प्रश्न एकच, फक्त शब्द निरनिराळे. आपल्या पोळीभाजी केंद्रात हा आजार असलेली बाई कामाला असली तर चालेल काय? हे कोणाविषयी लिहिले आहे, की नुसतीच कुजबूज आहे, हे मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यावयाचेही नाही. "चालेल" एवढा एक शब्द बोलून मला खाली बसता आले असते. पण माझ्या शब्दाखातर मान डोलावून घरी गेल्यावर मनातली भीती तशीच राहावयाची. म्हणून हे औषध शरीरात काय करते ते आधी सांगते. जरा लांबण लागेल, पण पोळीभाजी केंद्राचे उत्तर त्यातूनच निघणार आहे.

एच.आय.व्ही. हा एक विषाणू. त्याला स्वतःचे घर नाही की स्वतःची चूल नाही. आपल्या रक्तात सी.डी. ४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात कोणी शत्रू शिरला की बाकीच्या पेशींना हाका मारून जागे करावयाचे, हे त्यांचे काम. हा विषाणू नेमका त्यांच्याच घरात शिरतो, त्यांच्याच चुलीवर आपला स्वयंपाक उरकतो आणि जाताना घर मोडून जातो. सुदृढ माणसाच्या रक्तात एका घनमिलीमीटरला अशा पेशी पाचशेच्या वर असतात. त्या कमी होत होत दोनशेच्या खाली आल्या म्हणजे एरवी ज्यांना शरीर जुमानीत नाही असे रोगही डोके वर काढतात. क्षय होतो, तोंडात व घशात बुरशी येते, न्यूमोनिया होतो. त्या अवस्थेला एड्स म्हणावयाचे. एच.आय.व्ही. असणे म्हणजे एड्स असणे नव्हे. औषध मुळीच न घेतले तरी तेथवर पोचावयास बहुधा आठदहा वर्षे जातात, आणि औषध वेळेवर घेतले तर बहुतेकांना ती अवस्था येतच नाही.

आता विषाणू वाढतो कसा ते पाहू. जुन्या काळी पोथ्या हाताने नकलून घेत. लेखनिक कितीही सावध असला तरी कोठे काना राही, कोठे ओळ गळे, आणि मग त्या चुकीच्या प्रतीवरून दुसरी प्रत तयार होई. हा विषाणू असाच एक लेखनिक आहे, परंतु अत्यंत गबाळा. त्याची पोथी लहान, जवळजवळ दहा हजार अक्षरांची. ती नकलताना दर तीनएक प्रतींमागे एखादे अक्षर तो हमखास चुकतो. आणि प्रती किती काढतो? औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी! दहा हजार अक्षरे आणि दिवसाला हजार कोटी प्रती. म्हणजे होऊ शकणारी प्रत्येक एका अक्षराची चूक दर दिवशी कोठे ना कोठे होऊन चुकलेली असते. बहुतेक चुकलेल्या प्रती निकामी निघतात. पण एखादी चूक अशी घडते की तिच्यामुळे औषधाचा त्या प्रतीवर उपायच चालत नाही.

येथे मी दुसरा दाखला घेते, कारण आमच्या औषधाच्या खिडकीवर बायकांना हाच पटकन समजे. एक चोर आहे. त्याला किल्ली बनविण्याची कला येत नाही, पण तो रोज रात्री वाटेल तशा हजारो किल्ल्या कानशीने घासून काढतो. तुम्ही दाराला एक कुलूप लावलेत. त्या ढिगातली एखादी किल्ली त्याला आज ना उद्या लागणारच. तुम्ही घाबरून ते कुलूप काढलेत व दुसरे लावलेत. महिन्या-दोन महिन्यांत त्याचीही किल्ली सापडली. मग तिसरे. अशा रीतीने तुमची तीनही कुलपे फुकट गेली. पण तीच तीन कुलपे पहिल्याच दिवशी एका दाराला एकदम लावली असती तर? एकाच रात्री तिन्ही कुलपांना लागणाऱ्या तीन किल्ल्या एकाच जुडीत याव्यात, हे त्याच्या आंधळ्या खटपटीतून जवळजवळ घडतच नाही. औषधे तीच, पण एकामागून एक दिली तर वाया जातात आणि एकत्र दिली तर घर राखतात. अनेकींना वाटते, आजार भारी म्हणून औषधे तीन. तसे नव्हे. चोराला वाट राहू नये म्हणून तीन.

ही युक्ती एच.आय.व्ही.साठी नव्याने निघालेली नाही. आपल्या आईआजीच्या वेळचा क्षय आठवा. स्ट्रेप्टोमायसीन निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. रोगी उठून बसू लागले, वजन वाढले, घरच्यांनी पेढे वाटले. सहा महिन्यांत पुष्कळांचा ताप परत आला. जंतूंना त्या एका कुलपाची किल्ली सापडली होती. मग त्याच्या जोडीला पास नावाचे औषध दिले, १९५२ साली आयसोनायझिड मिळाले, आणि औषधे एकत्र दिल्यावर क्षय खरोखर बरा होऊ लागला. त्या वेळी मद्रासला १९५६ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. निम्मे रोगी आरोग्यधामात ठेवले, निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरी, औषधे मात्र दोघांना तीच. घरचे रोगी आरोग्यधामातल्यांइतकेच सुधारले. रोग्याला गावाबाहेर नेऊन ठेवण्याची गरज औषधांनी संपविली होती. क्षयाच्या माणसाचे ताटवाटी वेगळे ठेवण्याचा प्रघात मात्र पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिला, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

एच.आय.व्ही.च्या बाबतीत हाच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला. झायडोव्ह्यूडीन हे औषध मुळात १९६४ साली कर्करोगासाठी तयार केलेले. त्यासाठी ते उपयोगी पडले नाही म्हणून बाजूला पडले होते. १९८७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ते एच.आय.व्ही.वरील पहिले औषध म्हणून मान्य झाले. लोकांना केवढी आशा वाटली असेल! परंतु हे एकटेच कुलूप होते. काही महिने बरे जात आणि मग विषाणू पूर्ववत्. इंग्लंड व फ्रान्स या देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ साली आला, तो असा की लक्षणे नसताना हे एकटे औषध लवकर सुरू करून रोग्यांना टिकाऊ फायदा होत नाही. त्यानंतर १९९५-९६ मध्ये निराळ्या तऱ्हेने काम करणारी औषधे हाती आली आणि तीन-तीन एकत्र देण्यास सुरुवात झाली. १९९६ च्या जुलैमध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या परिषदेत त्याचे परिणाम मांडले गेले. १९९७ साली अमेरिकेत एड्सने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ निम्म्याने खाली आले. एका वर्षात निम्मे! मरणाची तयारी करून बसलेली माणसे पुन्हा नोकरीवर जाऊ लागली.

पण ती औषधे घेणे म्हणजे एक दिव्यच होते. एक गोळी दर आठ तासांनी आणि रिकाम्या पोटी, वर मूतखडा होऊ नये म्हणून तांब्यातांब्याने पाणी, दुसरी जेवणाबरोबरच, अशा मूठभर गोळ्या दिवसभर. आणि खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. आपल्याकडे, आणि त्याहून अधिक आफ्रिकेत, जेथे रोगी लाखोंनी होते, तेथे ही बातमी वर्तमानपत्रात वाचण्यापुरतीच होती.

आपल्या देशात हा विषाणू प्रथम आढळला १९८६ साली, मद्रासमध्ये. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला या दोघी बायकांनी तो शोधून काढला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आपल्याकडे असले काही नाही, असे मोठमोठे लोक त्या वेळी छातीठोकपणे सांगत होते. बाईंनी पुढे १९९३ साली वडिलांच्या नावाने एक संस्था काढली आणि जे रोगी इतरत्र दाराबाहेर ठेवले जात त्यांना तेथे उपचार दिले. २०१५ साली त्या वारल्या.

किंमत खाली आली ती मुंबईमुळे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषध बनविण्याच्या रीतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर मिळत नसे. त्यामुळे आपले कारखानदार तेच औषध निराळ्या रीतीने बनवू शकत. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत घातली, आणि २००१ च्या फेब्रुवारीत कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी एका जागतिक वैद्यकीय सेवासंस्थेला ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखविली. दिवसाला एक डॉलरहून कमी. दहा हजार कोठे आणि साडेतीनशे कोठे! साऱ्या जगात त्यामुळे खळबळ उडाली, आणि पुढे किमती याहूनही खाली आल्या.

तरीसुद्धा आपल्या घरांतून ते साडेतीनशे डॉलरही जड होते. त्या सुमारास मी एका औषधाच्या दुकानात नोकरीला होते. बायका पाटल्या मोडून नवऱ्यासाठी औषध नेत. स्वतःची तपासणी बहुतेकींनी केलेलीच नसे. एक बाई दर महिन्याला एकाच माणसाचे औषध नेई. पुढे एकदा बोलता बोलता कळले, की नवराबायको दोघेही आजारी होती आणि एका गोळीचे दोन तुकडे करून दोघे घेत. त्यात प्रेम होते यात शंका नाही. पण कुलपे अर्धवट लावण्यासारखे ते झाले. औषध रक्तात पुरेसे नाही, विषाणू मेला नाही, उलट त्याला किल्ल्या जुळविण्यास सवड मिळाली. थोडे औषध हे औषध नसण्याहून वाईट, ही गोष्ट या एका आजारात फार खरी आहे.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. आरंभी देशभरात अवघी आठ रुग्णालये होती, त्यात मुंबईचे जे. जे. एक. आता जिल्ह्याजिल्ह्यात ए.आर.टी. केंद्रे आहेत. पूर्वी सी.डी. ४ ठराविक आकड्याच्या खाली येईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून तसे नाही; तपासणीत एच.आय.व्ही. आढळला की औषध सुरू करावयाचे, मग आकडा काही का असेना.

हल्ली बहुतेक मोठ्या माणसांना जी गोळी मिळते ती दिवसातून एक. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडीन आणि डोल्यूटेग्राव्हिर अशी तीन औषधे आहेत. नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही. काम कळले म्हणजे झाले. विषाणूची पोथी आपल्या पेशीच्या लिपीत नसते. म्हणून तो आत शिरल्यावर पहिल्याने ती पेशीच्या लिपीत उतरवून घेतो. पहिली दोन औषधे खोटी अक्षरे आहेत. खऱ्यासारखी दिसतात, लेखनिक ती उचलून लावतो, आणि त्यापुढे त्याला अक्षर जोडताच येत नाही. यातूनही एखादी प्रत पुरी झालीच, तर विषाणू ती पेशीच्या स्वतःच्या पोथीत शिवून टाकू पाहतो. ते शिवणे तिसरे औषध थांबविते. आता काही रोग्यांना निवडक परिस्थितीत दोन औषधांवरही ठेवता येते, कारण डोल्यूटेग्राव्हिरचे कुलूप फार पक्के आहे. पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. घरी बसून "एक कमी करून बघते" असे करावयाचे नाही.

एका चिठ्ठीत विचारले आहे, क्षयाचे औषध सहा महिन्यांत संपते, मग हे जन्मभर का? प्रश्न फार चांगला आहे. जी प्रत औषध सुरू होण्यापूर्वीच पेशीच्या पोथीत शिवली गेली, ती उसवून काढणारे औषध अद्याप निघालेले नाही. अशा काही पेशी वर्षानुवर्षे झोपून राहतात, जणू पोथी बासनात बांधून पेटीच्या तळाशी ठेवलेली. आपली औषधे नक्कल चालू असतानाच काम करतात. बासनातल्या पोथीला ती काही करू शकत नाहीत. गोळी बंद केली की काही आठवड्यांत त्यातली एखादी पेशी जागी होते आणि कारखाना पुन्हा सुरू होतो. "रक्तात विषाणू सापडला नाही, म्हणजे मी बरी झाले" असे समजून गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुड्या देऊन मुळासकट घालवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाणाऱ्याही पाहिल्या. चारसहा महिन्यांनी त्या खिडकीवर परत येत, तेव्हा चेहरा ओळखू येत नसे.

गोळ्या सोडण्यात आणखी एक खोच आहे. तीन औषधे एकाच दिवशी बंद केली तरी ती रक्तातून एकाच दिवशी जात नाहीत. जुन्या गोळीतले नेव्हिरापीन इतर दोन निघून गेल्यावरही कितीतरी दिवस मागे रेंगाळत असे. म्हणजे बाईला वाटे मी तिन्ही सोडली, आणि प्रत्यक्षात त्या दिवसांत दाराला एकच कुलूप उरलेले. चोराला याहून सोयीचे काय? पूर्वी दिवसाला दोन गोळ्या असत, तेव्हा आम्ही सांगत असू, महिन्याच्या ६० गोळ्यांत तीनहून अधिक चुकवू नका. आताची गोळी पुष्कळच सहन करते. पण म्हणून नियम सैल झाला असे नव्हे. एखादे दिवशी विसरले तर आठवेल तेव्हा घ्यावी, मात्र दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

आता, गोळी चुकते का? इतकी वर्षे खिडकीवर बसून मी जे पाहिले त्यावरून सांगते. आळसाने क्वचितच चुकते. विसरूनही फारशी चुकत नाही. ज्या बायका साऱ्या घराच्या औषधपाण्याच्या वेळा सांभाळतात त्या स्वतःची एक गोळी विसरतील काय? चुकते ती लपविण्यापायी. सासू स्वयंपाकघरात आहे म्हणून चुकते. लग्नघरी दहा जणींत झोपावयाचे म्हणून चुकते. माहेरी भाऊजय बॅग उघडील म्हणून गोळ्या नेल्याच जात नाहीत. एकीने त्या मोहरीच्या डब्यात ठेवल्या होत्या, बाटली ओळखू येऊ नये म्हणून कागदाच्या पुडीत बांधून. पावसाळ्यात ओल लागून सगळ्यांचा भुगा झाला. दुसरी एक शेजारीण विचारते म्हणून केंद्रावरच येईनाशी झाली, आणि दुसऱ्या तालुक्यातले केंद्र मिळावे म्हणून अर्ज करीत होती. जाण्यायेण्यात तिची एका दिवसाची मजुरी बुडे. सरकारने गोळी फुकट दिली, पण ती निर्धास्तपणे तोंडात टाकण्यापुरता आडोसा घरात नाही आणि शेजारातही नाही. तीन कुलपे आम्ही हातात दिली. ती लावू न देणारे हात कधी नात्यातले असतात, कधी ओट्यावर बसून बोलणाऱ्या आपल्यासारख्यांचे.

यात बायकांवर दुहेरी भार पडतो. लग्नापूर्वी वा नंतर आजार बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेला असतो, तरी गरोदरपणी पहिली तपासणी बायकोची होते, आणि म्हणून "हिनेच आणला" असा शिक्का तिच्यावर बसतो. नवरा गेला तर ती पांढऱ्या पायाची. आपल्या हळदीकुंकवाला अशा किती जणींना बोलावणे जात नाही, याचा हिशेब कार्यकारिणीने एकदा करावा.

त्रास होतो काय, असेही एका चिठ्ठीत आहे. पूर्वीच्या औषधांनी पुष्कळ होई. स्टॅव्ह्यूडीनने गाल बसत, हातपाय काटकुळे होत, पायांची आग होई. चेहऱ्यावरूनच लोक ओळखीत, आणि काही बायकांनी निव्वळ त्यासाठी औषध सोडले. ते औषध आता मागे पडले आहे. झायडोव्ह्यूडीनने रक्त कमी होई. आताच्या गोळीने पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोप नीट न लागणे असे होऊ शकते, काहींचे वजन वाढते, आणि टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते.

एक गोष्ट मात्र बायकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. आपण कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या घेतो, पित्तावरची पांढरी औषधे घेतो. ती डोल्यूटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून ही गोळी पित्तावरच्या त्या औषधांच्या आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या लोह-कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. लोह वा कॅल्शियम जेवणाबरोबर घेतले तर दोन्ही एकत्र चालतात. क्षयावरील रिफॅम्पिसीन चालू असेल तर डोल्यूटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपण काय घेतो ते सांगावे. लाज धरून तेथे गप्प बसण्यात धोका आहे.

आता ज्यासाठी एवढे सांगितले त्याकडे वळते. औषध नियमित घेतले की बहुधा सहा महिन्यांच्या आत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रालाही सापडत नाही. या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. रक्तातच जो सापडत नाही तो दुसऱ्याकडे जाणार कसा? नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. त्यात पुण्याची व चेन्नईची जोडपीही होती. दोघांपैकी एकालाच एच.आय.व्ही. असलेली ही जोडपी. २०११ साली त्याचा निष्कर्ष आला, की लवकर औषध दिल्याने जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. पुढे युरोपातील अभ्यासात, ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. हे मी नवराबायकोच्या संबंधाविषयी सांगत आहे, हे लक्षात घ्या.

मुलांचेही तसेच. आईने औषध न घेतल्यास गरोदरपणात, बाळंतपणात व अंगावर पाजताना मिळून शंभरातल्या पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत बाळांना लागण होऊ शकते. आईचे औषध नीट चालू असले व बाळाला त्याचे औषध दिले तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. माझ्या खिडकीवर हात टेकून ज्या आया उभ्या राहत त्यांपैकी एकीचा मुलगा यंदा बारावीला बसला. त्याला काही झालेले नाही, आणि तीही सकाळी सहाला कामावर जाते.

राहता राहिला पोळीभाजी केंद्राचा प्रश्न. हा विषाणू पिठातून, पाण्यातून, घामातून, थुंकीतून, ताटवाटीतून जात नाही. डास त्याला नेत नाही. पोळी लाटणारीच्या हाताला सुरी लागली तर तिने काय करावे? जे तुम्ही आम्ही करतो तेच. हात धुवावा, पट्टी बांधावी, रक्त लागलेले पीठ वा भाजी टाकून द्यावी. हा नियम सर्व बायकांना सारखा लावावा, म्हणजे कोणाकडे बोट दाखविण्याचा प्रश्न उरत नाही. तिने औषध घेतले नसते तरी तिच्या हातच्या पोळीने कोणाला काही झाले नसते. घेते आहे म्हणून ती स्वतः निरोगी राहून काम करते आहे. तिचे काम काढून घेतले तर काय होईल? पोट बिघडेल, भाडे थकेल, केंद्रावर जाणे चुकेल, आणि मग गोळी. म्हणजे तिच्या दाराची कुलपे आपणच काढल्यासारखे होईल.

कायद्याचेही सांगून ठेवते. एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करावयाची नाही, कोणाला आजार आहे हे तिच्या परवानगीवाचून उघड करावयाचे नाही, आणि या कारणासाठी कोणाला कामावरून काढावयाचे नाही. "केंद्रातल्या सर्व बायकांची रक्ततपासणी सक्तीने करून घ्यावी" अशी सूचना ज्या भगिनीने लिहिली आहे, तिचा हेतू वाईट नसेल. पण ती सूचना कार्यकारिणीने विचारातही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना स्वतःहून तपासणी करावीशी वाटते त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयात ती मोफत व गुप्त होते, आणि १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून नाव न सांगता माहिती विचारता येते.

शेवटची चिठ्ठी उपवासाची आहे. अक्षर कापरे आहे, म्हणून ती मी मुद्दाम वाचते: "निर्जळी हरतालिका असेल तर गोळीचे काय?" बाई, गोळी घ्यावयाची. आताच्या गोळीला जेवण लागत नाही, घोटभर पाणी पुरते, आणि औषधाबरोबरच्या घोटभर पाण्याने व्रत मोडत नाही असे माझी आजी सांगत असे. आपल्या मुसलमान भगिनींपैकी कोणाचा रोजा असेल तर गोळीची वेळ केंद्रावर विचारून रात्रीची ठरवून घ्यावी आणि ती महिनाभर तशीच ठेवावी. वेळ कोणतीही चालते, फक्त रोज तीच असावी. नऊच्या बातम्यांची म्हणा, दिवेलागणीची म्हणा, नळाला पाणी येते त्या वेळेची म्हणा.